राजाची शपथ घेतलेल्या मुलाकडे

परत आल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतो, ती जगातली सगळ्यात उंच इमारत पाहिलीत का. पाहिली. शारजाहून दुबईकडे जाताना गाड्यांच्या रांगेत पाऊण तास अडकलो होतो, तेव्हा लांब धुरकट हवेत ती सुईसारखी दिसत होती. याहून जास्त तिच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मला सांगायचंय ते तिथल्या तीन आठवड्यांत भेटलेल्या माणसांबद्दल, आणि माझ्या मुलाबद्दल.

आधी थोडं स्वतःविषयी. मी एकतीस वर्षं ग्रामसेविका होते, पाटण तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावांमध्ये. ग्रामसभा बोलवायची, इतिवृत्त लिहायचं, घरपट्टी वसूल करायची, निवडणूक लागली की मतदान केंद्रावर ड्युटी करायची. नोकरी संपल्यावर कराडला घर केलं. यांना जाऊन तीन वर्षं झाली. अमेय आमचा एकुलता एक. इंजिनिअर होऊन तो आधी आखातात गेला, तिथून पाच वर्षं कॅनडात राहिला आणि दोन वर्षांपूर्वी चांगली नोकरी मिळाली म्हणून पुन्हा आखातात आला. सून गौरी, नात अन्वी, अकरा वर्षांची. ‘आई, आता थंडी आहे, याच दिवसांत ये,’ असं तो गेल्या वर्षीपासून म्हणत होता. शेवटी जानेवारीत मी निघाले.

शारजा

त्यांचं घर शारजात आहे. अमेयची पाइप बनवणारी कंपनी तिथून पुढे हमरिया फ्री झोनमध्ये, आणि गौरीचं ऑफिस उलट दिशेला, दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये. शारजात भाडं कमी, म्हणून दुबईत काम करणारी निम्मी माणसं तिथे राहतात आणि रोज सकाळी एकाच रस्त्यावर येतात. गौरी पावणेसहाला घर सोडायची. सहाला सोडलं तर ऑफिसला एक तास उशीर होतो, हे तिनं मला गंभीरपणे समजावून सांगितलं.

पहिले चार-पाच दिवस मी एकटीच आजूबाजूला फिरले. इमारतीच्या खाली एका पठाणाची भट्टी होती. तो लांबट, गरम रोटी कागदात गुंडाळून द्यायचा आणि मला ‘माताजी’ म्हणायचा. समोर केरळी माणसाचं किराणा दुकान, शेजारी पाकिस्तानी न्हाव्याचं सलून, पलीकडे फिलिपिनी मुलींचं मोबाइलचं दुकान. या सगळ्यांच्यात एक गोष्ट सारखी होती. काउंटरच्या मागे भिंतीवर पांढऱ्या वेशातल्या शेखांचे फोटो. अन्वीच्या शाळेतही तेच.

मी अमेयला विचारलं, ही एवढी मंडळी कोण. त्यानं सांगितलं, सात अमिराती, प्रत्येकीचा आपला राज्यकर्ता, सातांचा मिळून देश. राष्ट्राध्यक्ष कोण, ते हे सातजण आपापसांत ठरवतात. लिखित राज्यघटनाही आहे.

“आणि लोक?” मी विचारलं.

एक सल्ला देणारी परिषद आहे, निम्मे सभासद निवडलेले, निम्मे नेमलेले, असं तो म्हणाला. ग्रामपंचायतीत आयुष्य गेलेल्या बाईला हे पचायला जड गेलं. पण मी एकटी बसमधून फिरले, बायकांच्या राखीव जागेवर कुणी पुरुष बसलेला पाहिला नाही, रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं की गाड्या थांबत होत्या. तेही डोळ्यांना दिसत होतं, आणि त्याचं मोल कमी आहे असं मी म्हणणार नाही.

त्या दिवशी जेवताना मी सहज बोलून गेले, की आपल्याकडे राजेरजवाडे संपले ते फार बरं झालं. माझे आजोबा बेचाळीसला भूमिगत होते. प्रतिसरकारच्या लोकांची पत्रं पोचवायचे. इंग्लंडच्या राजाचा मुकुट असलेलं नाणं हातात आलं तरी ते तोंड वाकडं करायचे, असं आजी सांगायची. अन्वी म्हणाली, “आजी, दॅट्स सो कूल.” गौरी ताटाकडे बघत राहिली आणि अमेय पाणी आणायला उठला. पाणी टेबलावरच होतं.

खोर फक्कान

शनिवार-रविवार आम्ही पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला गेलो. शारजाचाच भाग, पण मध्ये सगळे डोंगर. वाळवंट म्हणजे नुसती वाळू अशी माझी समजूत होती. इथले डोंगर काळपट तांबडे, भाजलेल्या विटेसारखे, आणि त्यावर गवताची काडी नाही. बोगद्यामागून बोगदे गेले आणि एकदम निळाशार समुद्र समोर आला. मला फार आनंद झाला होता, हे मुद्दाम सांगते, कारण तो पुढे पंधरा मिनिटंच टिकला.

हॉटेलच्या काउंटरवर एक हसतमुख मुलगी होती. तिनं माझा पासपोर्ट आणि अमेयचं तिथलं ओळखपत्र घेतलं आणि फॉर्म भरताना मोठ्यानं वाचत गेली. “मॅडम इंडियन. सर कॅनेडियन.”

मला वाटलं, तिची चूक झाली. मी तिला हिंदीत सांगितलं, की तोही इंडियनच, माझा मुलगा आहे. ती गोंधळून अमेयकडे बघायला लागली. अमेय मला हळूच म्हणाला, “आई, तिचं बरोबर आहे. वर गेल्यावर सांगतो.”

वर गेल्यावर त्यानं सांगितलं. कॅनडा सोडण्याआधी चार महिने तिघांनी तिथलं नागरिकत्व घेतलं होतं. भारताचा पासपोर्ट परत केला होता. गेल्या दिवाळीत कराडला आला तो परदेशी पासपोर्टावर. मी त्याची बॅग आवरून दिली होती, पण पासपोर्ट उघडून बघायचं मला काही कारण नव्हतं.

“शपथ घ्यावी लागते ना?” मी विचारलं.

“घ्यावी लागते.”

“कुणाची?”

तो म्हणाला, “राजाची. पण आई, तो कॅनडाचा राजा म्हणून. कायद्यानं ते वेगळं पद आहे.”

“माणूस तोच ना?”

“माणूस तोच.”

मी चपला घातल्या आणि खाली समुद्रावर निघून गेले. रागानं चालणाऱ्या माणसाला पायाखाली काय आहे ते दिसत नाही. धक्क्याजवळच्या ओल्या दगडांवर माझा पाय घसरला, घोटा मुरगळला आणि मी तिथेच बसले. उठता येईना. अमेय मागून येतच होता. त्यानं मला धरून गाडीत बसवलं. तिथून थेट दवाखाना गाठला.

दवाखान्यातली देमा

दवाखान्यात पायाचा फोटो काढला, हाड शाबूत होतं. पट्टी बांधायला जी नर्स आली तिचं नाव देमा. गोल चेहरा, बारीक डोळे, पस्तिशीची असेल. मला वाटलं नेपाळी. ती म्हणाली, भूतानची. हिंदी छान बोलत होती. माझा चेहरा बघून तिनं विचारलं, फार दुखतंय का. मी म्हटलं, पाय नाही दुखत. आणि अनोळखी माणसाला सांगणं कधी कधी सोपं असतं, म्हणून सांगून टाकलं. अमेय बाहेर औषधांच्या रांगेत होता.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग आपल्या आजीची गोष्ट सांगितली. भूतानमध्ये राजाचंच राज्य होतं आणि लोक सुखात होते. एक दिवस राजानंच सांगितलं, की आता तुम्ही तुमचं सरकार निवडा. पुढचा राजा कसा निघेल कुणी सांगावं, म्हणून सगळं एका माणसावर सोडू नका. देमाच्या आजीला रडू आलं होतं. तिला मत नको होतं, राजाच हवा होता. पण राजाचा शब्द मोडायचा कसा? म्हणून ती सणाचा किरा, म्हणजे त्यांचं लुगडं, नेसून डोंगर उतरून चालत मतदानाला गेली. तिच्या गावाहून केंद्र एक दिवसाच्या वाटेवर होतं.

“और फिर?” मी विचारलं.

“फिर उसको अच्छा लगा,” देमा म्हणाली. “दूसरी बार किसी को बोलना नहीं पड़ा। खुद गई।”

मला आमचं डोंगरावरचं एक केंद्र आठवलं. तिथे मतदान यंत्र डोक्यावर घेऊन चढावं लागायचं, आणि यादीत सगळी मिळून दोनेकशे नावं होती. त्या केंद्रावर एकदा एक म्हातारी पहाटेच येऊन दाराशी बसली होती. मी देमाला तिच्याबद्दल सांगितलं. पट्टी बांधून झाली होती, तरी आम्ही दोघी बोलत राहिलो. मी तिला विचारलं, आता राजा काय करतो. ती म्हणाली, आहे ना, गावोगाव फिरतो, सरकार बदललं तरी तो असतो, त्यामुळे आम्हाला भीती वाटत नाही. राजाचं काम तिच्या एका शब्दात मावण्याएवढंच होतं, ‘असतो’.

खलफानसाहेबांची बाग

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचं निमंत्रण होतं. खलफानसाहेब अमेयच्या कंपनीत पीआरओ होते, म्हणजे सरकारी कागदपत्रांची कामं बघणारे. दोन वर्षांपूर्वी अमेयचा व्हिसा अडकला होता तेव्हा त्यांनी चार खेपा घालून तो सोडवला होता. आता निवृत्त होऊन डोंगरातल्या त्यांच्या खजुराच्या बागेत राहतात. मी म्हटलं, लंगडत कशी येऊ. खरं तर मला कुणाकडेच जायचं नव्हतं. पण गौरी म्हणाली, “आई, ते वाट बघत असतील. तुमच्यासाठी मुद्दाम मासे आणलेत.”

बाग बघून बरं वाटलं. उघड्या दगडी डोंगरात एक हिरवी पट्टी आणि मधून वाहणारा अरुंद पाट. खलफानसाहेब सत्तरीचे, उंच, अंगात पांढरा कंदुरा, म्हणजे त्यांचा पायघोळ झगा, हातात काठी. जुन्या पिढीचे अरब हिंदी बोलतात हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी माझा पाय बघितला आणि दोन तक्के माझ्याकडे सरकवले.

आधी खजूर आणि बिनदुधाची वेलदोड्याची कॉफी आली, अंगठ्याएवढ्या कपात. मी कप रिकामा केला की त्यांचा पुतण्या पुन्हा भरायचा. पाहुण्यानं नको म्हणू नये म्हणून मी पीत राहिले. सहाव्या कपाला अन्वीनं माझ्या कानात सांगितलं, “आजी, शेक द कप.” कप हलवून दाखवला की बास, एवढंच असतं ते. आपल्याकडे पानावर आडवा हात धरतात तसं. सगळे हसले आणि मीही हसले. आदल्या दिवसापासून पहिल्यांदा.

जेवायला मोठ्या ताटात मसाल्याचा भात आणि वर अख्खा मासा. जेवण झाल्यावर ते मला पाटाविषयी सांगायला लागले. ते लहान असताना इथे रस्ता नव्हता, वीज नव्हती, गाढवावरून समुद्रापर्यंत एक दिवस लागायचा. सात अमिरातींचा देश व्हायचा होता. शेजारच्या दोन खोऱ्यांतली माणसं पाण्यावरून मारामारीवर यायची. तेव्हा पाण्याच्या पाळ्या ठरवायला सगळ्यांनी मिळून एक म्हातारा नेमला होता. त्याची स्वतःची बाग नव्हती, एकही झाड नव्हतं. म्हणूनच त्याला नेमला.

मी म्हटलं, “आमच्याकडे पण असंच झालं होतं एकदा.” आणि त्यांना गंगूबाईची गोष्ट सांगितली.

एका वर्षी माझ्या गावात सरपंचावर अविश्वास ठराव आला. निकाल कोर्टात लटकलेला. पंधरा ऑगस्टला झेंडा कुणी फडकवायचा यावरून दोन्ही गट हट्टाला पेटले. सकाळी सातला शाळेच्या पटांगणात एका बाजूला सरपंच, दुसऱ्या बाजूला उपसरपंच, मागे त्यांची माणसं, आणि मध्ये पोरं रांगेत उभी. पोलीस पाटील घाम पुसत होता. मला काही सुचेना. रांगेच्या कडेला गंगूबाई बसली होती, गावची सुईण, ऐंशीच्या पुढची. तिला मी हात धरून खांबापाशी आणलं आणि दोरी तिच्या हातात दिली. त्या दोघांचीही नाळ तिनंच कापली होती. दोघंही मुकाट्यानं सावधान उभे राहिले. राष्ट्रगीत झालं, पोरांना खाऊ वाटला. मला नंतर गटविकास अधिकाऱ्यांची नोटीस आली, नियम मोडला म्हणून. ती अजून माझ्याकडे आहे.

खलफानसाहेब काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. गोष्ट संपल्यावर ते खूप वेळ हसले आणि मग म्हणाले, “तो तुमने एक दिन के लिए मलिका बनाई।”

मी म्हटलं, कसली मलिका, कसली राणी. झेंडा फडकवून ती घरी गेली. कुठल्या कागदावर सही केली नाही, कुणाला हुकूम सोडला नाही.

“हाँ,” ते म्हणाले. “इसलिए तो सब खड़ा हुआ।” मग त्यांनी अमेयकडे बघितलं आणि हसत म्हणाले, “हमारा शेख घर नहीं जाता। हमारा शेख काम करता है। अलग बात है।”

ते त्यांनी अभिमानानं म्हटलं होतं, आणि त्यांना तसं म्हणायचा हक्क आहे. त्यांनी गाढवावरच्या प्रवासाचे दिवस पाहिले होते आणि त्याच जागी बोगदे झालेले पाहिले होते. तरी मला राहवलं नाही. मी विचारलं, तो पाण्याचा म्हातारा चुकला असता तर? ते म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी सगळे त्याच्या दारात गेले असते, आणि तोही त्यांना भेटला असता. खलफानसाहेबांची एक नात कायदा शिकते आहे. तिला त्या परिषदेवर निवडून जायचं आहे. “इन्शाल्ला, तुम लोग आएगा तब वो बैठा होगा उधर,” ते म्हणाले. त्यांनी परिषदेसाठी मत दिलं होतं. बोटाला शाई लावतात का, मी विचारलं. नाही लावत. मी माझं बोट दाखवून शाई कुठे लावतात ते त्यांना समजावलं. त्यांनी तेवढ्याच उत्सुकतेनं आपलं बोट पुढे करून विचारलं, किती दिवस राहते.

रस्त्यात

परतताना डोंगर उतरल्यावर अमेयनं चहाच्या टपरीजवळ गाडी थांबवली. तिथे गाडीतच चहा आणून देतात, पण गौरी अन्वीला घेऊन खाली उतरली. आम्हा दोघांना बोलता यावं म्हणून, हे मला कळलं.

उतरता उतरता ती मला म्हणाली होती, “आई, एक सांगू? कॅनडात विरोधी पक्षसुद्धा स्वतःला राजाचाच विरोधी पक्ष म्हणवतो. म्हणजे सरकारच्या विरोधात गेलं तरी कुणी त्यांना देशाच्या विरोधात म्हणू शकत नाही. मला ते फार आवडलं होतं.”

मी गाडीत बसून त्याचाच विचार करत होते. आमच्या गावात विरोधी गट म्हणजे पाणी तोडायची माणसं. एकतीस वर्षांत मी किती इतिवृत्तं लिहिली, त्यात किती सभात्याग लिहिले. आणि खात्याच्या परीक्षेसाठी पाठ केलेली एक गोष्टही आठवत होती. सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टपासून पन्नासच्या सव्वीस जानेवारीपर्यंत कागदोपत्री आपलाही राजा इंग्लंडचाच होता. आपली घटना लिहिली गेली ती त्याच काळात. आजोबांना ते ठाऊक असणार. त्यांनी त्या वर्षांत घरावर तिरंगा लावलाच होता.

पण माझं दुखणं राजाचं नव्हतंच. जे होतं ते मी अमेयला विचारलं.

“मला का नाही सांगितलंस?”

त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. “बाबा गेल्यावर वर्षभरातच ते सगळं झालं. तू घरात एकटी होतीस. तुझं एक माणूस गेलं होतं आणि मी फोनवर काय सांगू, की मीही आता दुसऱ्या देशाच्या यादीत आहे? म्हटलं, पुढच्या महिन्यात सांगू. मग पुढचा महिना आला, मग राहूनच गेलं. पासपोर्ट परत दिला त्या दिवशी मी पार्किंगमध्ये बसून रडलो, आई. गौरीला विचार.”

आम्ही दोघंही समोर बघत होतो. एक माणूस चहाचे कप घेऊन गाड्यांमधून पळत होता.

“काय शपथ घेतलीस ती म्हण,” मी म्हटलं.

तो इंग्रजीत सुरू करणार होता. मी म्हटलं, मराठीत. त्यानं ती कधीच मराठीत म्हटली नव्हती. शब्द शोधत, अडखळत, शाळेत कविता म्हणायचा तसा तो म्हणत गेला. राजाशी आणि त्याच्या वारसांशी मी निष्ठेनं वागेन. देशाचे कायदे मनापासून पाळीन. त्यात देशाची घटना येते, आणि त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचे हक्क ती घटना मानते. नागरिक म्हणून माझी कर्तव्यं पार पाडीन.

मूळ रहिवाशांचं काय ते मी विचारलं. त्यांचे करार कुठल्या पक्षाच्या सरकारशी झालेले नाहीत, राजपदाशी झालेत, असं त्यानं सांगितलं. सरकारं बदलली तरी दिलेला शब्द कुणी दिला होता हे बदलत नाही. पाळला जातो असं नाही, त्यावरून कोर्टात भांडणं चालूच असतात, पण भांडायला समोर कुणीतरी असतं.

मी ते मनात ठेवलं. मग म्हटलं, “शेवटचं वाक्य परत म्हण.”

“नागरिक म्हणून माझी कर्तव्यं पार पाडीन.”

“मत दिलंस का तिथे?”

तो माझ्याकडे वळला. असला प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. नागरिक झाल्यावर निवडणूक लागायच्या आधीच ते इकडे आले होते, असं तो म्हणाला. आता इथून काय, राहूनच जाणार.

“इथून देता येतं का?”

“पोस्टानं देता येतं. अर्ज करावा लागतो. पण आई, कोण करत बसतं.”

मी त्याला सांगितलं, की एका देशाचं मत तू सोडून दिलंस, ते मला लागलं आहे आणि लागत राहील. पण दुसऱ्याचंही नुसतंच खिशात ठेवणार असशील, तर मग ती शपथ कशाला घेतलीस. मी हे आवाज चढवून बोलले नाही. तो म्हणाला, “घरी गेल्यावर करू.”

गौरी चहा घेऊन आली. अन्वीनं माझा कप हातात देताना विचारलं, “आर यू गाइज ओके?” मी तिला म्हटलं, मराठीत विचार. तिनं विचारलं, “तुम्ही ठीक आहे?” आम्ही ठीक होतो. निदान त्या रस्त्याला लागलो होतो.

पुन्हा शारजा, आणि घर

राहिलेले दिवस मी पाय वर करून घरातच होते. एका सकाळी अमेय लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसला आणि परदेशात राहणाऱ्या नागरिकांच्या मतदार यादीचा अर्ज आम्ही भरला. पत्ता कुठला द्यायचा यावर अडलं, कारण शारजात पोस्टमन घरी येत नाही. शेवटी हमरियातल्या कंपनीचा पोस्ट बॉक्स दिला. गौरीनंही आपला भरला. अर्जातल्या शंका ते दोघं मला विचारत होते, आणि मला त्या देशाचा एकही नियम ठाऊक नसताना बहुतेकांची उत्तरं येत होती. मतदार यादी कुठलीही असो, तिच्या अडचणी सारख्याच असतात.

देमाला मी फोन करून पाय बरा असल्याचं सांगितलं. मी निघताना खलफानसाहेबांनी खजुराचे दोन डबे पाठवले. ते कराडात वाटून झाले. अमेयच्या नागरिकत्वाची गोष्ट मी माझ्या भावाला सांगितली तेव्हा तो भडकला. मी त्याला गंगूबाईची आठवण करून दिली, म्हटलं, तिथला राजा म्हणजे तसाच, नुसती दोरी धरणारा. त्याला ते पटलं असं मी म्हणणार नाही, पण त्यानं अमेयचा नंबर मागून घेतला आणि त्याच्याशी बोलला.

काही आठवड्यांनी कॅनडात निवडणूक लागली. एका दुपारी अमेयचा व्हिडिओ कॉल आला. पोस्ट बॉक्सात पाकिटं आली होती. त्यानं फोन टेबलावर उभा करून मला एकेक वस्तू दाखवली. एक कोरी मतपत्रिका, तिच्यावर उमेदवाराचं नाव हातानं लिहायचं. एक आतलं पाकीट, त्यावर काहीही लिहायचं नाही. एक बाहेरचं, त्यावर सही आणि तारीख. अन्वी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि बाबा कुणाला मत देणार म्हणून विचारत होती. अमेयनं पेन उघडलं आणि मतपत्रिका पुढे ओढली.

मी म्हटलं, “थांब. फोन पालथा घाल. आणि अन्वीला खोलीबाहेर पाठव. मतदान गुप्त असतं.”

पडदा काळा झाला. अन्वीची कुरकुर ऐकू आली आणि दार लागलं. मग पेन कागदावर चालल्याचा आवाज, मग पाकिटांची सळसळ. मी कराडच्या घरात, खुर्चीत ताठ बसून होते.

“झालं, आई,” अमेय म्हणाला.

“आतल्या पाकिटावर काही लिहिलं नाहीस ना?”

“नाही.”

“बाहेरच्यावर सही?”

“केली. तारीखही घातली.”

“मग दार उघड,” मी म्हटलं, “आणि आता गौरीला आत पाठव.”